चव्हाटा आणि चावडी

मराठी गावाच्या रचनेत दोन जागा पूर्वापार सर्वांच्या मानल्या गेल्या आहेत: एक चव्हाटा आणि दुसरी चावडी. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. तिथे येणारा-जाणारा घटकाभर थांबतो, ऐकलेले सांगतो, सांगितलेले ऐकतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. चावडी म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांची बैठक. तिथे फिर्याद ऐकली जाई, ज्याच्यावर फिर्याद असे त्यालाही बोलावले जाई, साक्षी घेतल्या जात आणि जो निवाडा होई तो कागदावर उतरे. मराठेशाहीत गोतसभा, म्हणजे वतनदार, बलुतेदार आणि गावोगावची जाणती मंडळी यांची सभा, तंटे निवडीत असे. तिच्या निवाड्याच्या दस्तऐवजाला महजर म्हणत आणि त्या महजरावर हजर असलेल्यांच्या निशाण्या उमटत, शेतकऱ्याच्या नावापाशी नांगराची खूण काढली जाई. ती निशाणी केवळ सहीची सोय नव्हती; जो बोलला तो आपल्या बोलण्याला बांधला गेला, असा तिचा अर्थ होता. चव्हाट्यावर बोलणारा मात्र कशालाच बांधलेला नसतो, आणि म्हणूनच मराठीत एखादी गोष्ट चव्हाट्यावर येणे म्हणजे तिची बेअब्रू होणे असा अर्थ रूढ झाला, तर चावडीवर जाणे म्हणजे दाद मागणे.

दूरचित्रवाणीवरील गुन्हेवृत्ताचा विचार करताना हे दोन शब्द उपयोगी पडतात, कारण वृत्तवाहिनी चव्हाट्याच्या वेगाने बोलते आणि चावडीच्या अधिकाराने निवाडा देते. एखाद्या मोठ्या शहरात या मिश्रणाचा परिणाम गर्दीत विरून जातो. लहान गावात तो विरत नाही. म्हणून हा प्रश्न पाहायचा तर मावळासारख्या मुलखातून, आणि तिथेही परंदवडीसारख्या गावातून पाहणे अधिक उचित ठरते.

परंदवडी हे मावळ तालुक्यातील, सोमाटणे फाट्यावरून पवनेच्या खोऱ्यात उतरणाऱ्या वाटेवरचे गाव आहे. मावळाचे आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ असे जे तीन भाग लोकव्यवहारात मानले जातात त्यांपैकी पवन मावळाच्या तोंडाशी ते येते. शेजारी प्रतिशिर्डी म्हणून ओळखले जाणारे साईमंदिर असलेले शिरगाव, पलीकडे बेबडओहोळ, आणि फार दूर नाही असे गहुंजे. एका अंगाला जुना मुंबई-पुणे महामार्ग, दुसऱ्या अंगाला द्रुतगती मार्ग, वर तळेगावची औद्योगिक वसाहत आणि खाली भाताची खाचरे, अशा या पट्ट्यात गेल्या पंचवीस वर्षांत जमिनीचे मोल बदलले, माणसांची वर्दळ बदलली आणि गुन्ह्याचे स्वरूपही बदलले. शिरगाव-परंदवडी हे जोडनाव आज वाचकांना परिचित आहे ते पोलिसांच्या नोंदींमुळे. 1 एप्रिल 2023 रोजी शिरगावच्या सरपंचांचा भर गावात खून झाला आणि त्याच वर्षी 12 मे रोजी तळेगाव दाभाडे येथे नगरपरिषदेच्या कार्यालयासमोर एका राजकीय कार्यकर्त्याचा खून झाला. दोन्ही वेळा मावळाची नावे राज्यभरच्या पडद्यांवर धावत्या पट्टीतून सरकत राहिली. अशा गावात खुनाची बातमी दूरची नसते. ज्याच्या घरासमोर कॅमेरा उभा राहतो तो पाहणाऱ्याचा भावकीतला, सोयरिकीतला किंवा किमान दुधाच्या डेअरीवर रोज भेटणारा असतो.

या पट्ट्यातील ज्या खटल्याने वृत्तवाहिन्या आणि न्याय यांच्या नात्याचा सर्वांत दीर्घ धडा दिला, तो गहुंजे खटला होय. 1 नोव्हेंबर 2007 च्या रात्री हिंजवडीतील एका बीपीओ कंपनीत, म्हणजे परदेशी ग्राहकांची कामे येथे बसून करणाऱ्या सेवाकेंद्रात, रात्रपाळीला निघालेल्या तरुणीला नेण्यासाठी कंपनीने ठरवलेली गाडी आली. त्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने ती गाडी कामाच्या जागी न नेता गहुंज्याच्या माळाकडे वळवली आणि तिथे तिच्यावर अत्याचार करून तिचा खून केला. डिसेंबर 2005 मध्ये बंगळुरूत जवळजवळ अशाच रीतीने एका तरुणीचा बळी गेला होता. त्यामुळे पुण्यातील ही घटना देशभर गाजली आणि रात्रपाळीच्या स्त्री-कर्मचाऱ्यांच्या वाहतुकीचा, म्हणजे त्यांना गाडीत सर्वांत आधी बसवू नये, सर्वांत शेवटी उतरवू नये, सोबत सुरक्षारक्षक असावा इत्यादी नियमांचा प्रश्न ऐरणीवर आला.

गहुंज्याच्या घटनेच्या 2007 या वर्षाला आणखी एक महत्त्व आहे. मराठी दूरचित्रवाणीचा आरंभ 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन केंद्राने झाला असला, तरी दिवसाचे चोवीस तास केवळ बातम्या देणाऱ्या मराठी वाहिन्यांचा काळ सुरू झाला तो 2007 मध्ये: झी 24 तास त्याच वर्षी आली, 22 जून 2007 रोजी स्टार माझा सुरू झाली आणि पुढच्या एप्रिलमध्ये आयबीएन लोकमत. गहुंजे खटला आणि मराठी वृत्तवाहिन्या एकाच वर्षी जन्मल्या आणि एकमेकांसोबत वाढल्या. त्याआधीच्या काळातील भीतीचीही पुण्याला ओळख होती. जोशी-अभ्यंकर हत्यासत्राच्या वेळी, 1976 आणि 1977 मध्ये, दिवेलागणीनंतर दारे लावून घेणारे शहर लोकांनी पाहिले होते. मात्र त्या भीतीची बातमी सकाळच्या वृत्तपत्रातून एकदा येई, आणि दोन अंकांमधल्या चोवीस तासांत बातमीदाराला पोलीस ठाण्यात जाऊन, पंचनामा वाचून, खोटे वगळून खरे लिहिण्यास अवधी मिळे. चोवीस तासांच्या वाहिनीने तो अवधीच रद्द केला, कारण जी वेळ पूर्वी बातमी तपासण्यासाठी असे ती आता बातमी दाखवण्यासाठी हवी होती.

या व्यवसायाची घडण समजून घेतल्याशिवाय तिच्या दोषांचे मूळ कळत नाही. तालुक्याच्या गावातून वाहिनीला बातमी पाठवणारा माणूस पुष्कळदा पगारी बातमीदार नसतो. त्याला स्ट्रिंगर म्हणतात, म्हणजे दर बातमीमागे किंवा दर चित्रफितीमागे मोबदला घेणारा स्थानिक प्रतिनिधी, ज्याचा प्रवासखर्च, सुरक्षितता आणि कायदेशीर आधार बहुतांशी त्याचा त्यालाच पाहावा लागतो. घटना मोठी असेल तर शहरातून ओबी व्हॅन येते, म्हणजे उपग्रहाद्वारे थेट प्रक्षेपण करणारी छत्रीची गाडी. तोवर निवेदक आणि प्रतिनिधी यांचे केवळ दूरध्वनीवरील संभाषण चालते, त्याला फोनो म्हणतात. आणि कोणाच्याही तोंडून घेतलेल्या दहा-वीस सेकंदांच्या प्रतिक्रियेला बाइट म्हणतात. या साऱ्यांच्या मागे टीआरपी उभी असते, म्हणजे निवडक घरांतील संचांवर बसवलेल्या यंत्रांवरून काढलेले प्रेक्षकसंख्येचे मोजमाप, ज्यावर जाहिरातीचे दर ठरतात. जिथे मोजमाप पाहणाऱ्यांच्या संख्येचे आहे आणि खरेपणाचे नाही, तिथे सर्वांत आधी सांगणे हे सर्वांत अचूक सांगण्यापेक्षा लाभाचे ठरते. तालुक्यातील प्रतिनिधीला वीस मिनिटांत काहीतरी पाठवावेच लागते. त्या वीस मिनिटांत त्याच्या हाती पुरावा येत नाही. फार तर एखाद्या घराचे बंद दार, रस्त्यावरचे खडूचे वर्तुळ, रडणारी एखादी म्हातारी आणि पारावर जमलेली चार माणसे येतात.

मग ही उरलेली जागा भाषा भरून काढते. गुन्हेवृत्ताची मराठी ही आता स्वतंत्र बोलीच झाली आहे: परिसरात खळबळ उडते, खून निर्घृणच असतो, कारण पूर्ववैमनस्य किंवा प्रेमसंबंध असते आणि माहिती सूत्रांकडून मिळालेली असते. या शब्दांपैकी प्रत्येक शब्द एक निष्कर्ष आहे, परंतु तो निष्कर्षासारखा दिसत नाही, वर्णनासारखा दिसतो. प्रेमसंबंधातून हा शब्द उच्चारला गेला की मृत स्त्रीच्या वागणुकीची चौकशी सुरू होते. पूर्ववैमनस्यातून म्हटले की मृत पुरुषही तसाच असणार असे ऐकणाऱ्याला वाटू लागते. आणि दोन्ही वेळा मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडण्यास परत येता येत नाही. सूत्र या शब्दाची तर अधिक चिकित्सा व्हायला हवी. महजरावर निशाणी करणारा माणूस आपल्या शब्दाला जामीन राहत असे. सूत्र मात्र कधीही पुढे येत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, आणि त्याने सांगितलेले चुकीचे निघाले तरी कोणी चुकलेले नसते. पत्रकारितेत माहिती देणाऱ्याचे नाव राखणे हे काही वेळा त्याच्या जिवाच्या रक्षणासाठी आवश्यक असते, आणि तिथे ते पवित्र कर्तव्यच आहे. परंतु तपासाधीन खुनात संशयिताविरुद्धची माहिती बिननावाने पसरवणे हा त्या कर्तव्याचा आधार घेऊन केलेला अन्याय आहे.

कायद्याची रीत याच्या अगदी उलट दिशेने चालते. गुन्ह्याची पहिली लेखी नोंद, म्हणजे प्रथम माहिती अहवाल, ही केवळ तपासाची सुरुवात असते. पंचनामा म्हणजे घटनास्थळी त्रयस्थ पंचांसमोर जे दिसले त्याची नोंद. तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात सादर करतात ते दोषारोपपत्र. आणि त्यानंतर साक्षी, उलटतपास व युक्तिवाद होऊन निकाल लागतो. या क्रमात प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीवर शंका घेण्याची सोय ठेवलेली आहे. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम 1872 च्या पुरावा कायद्यात होता आणि 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमातही तो कायम आहे, कारण कोठडीतल्या माणसाचा शब्द किती स्वेच्छेचा असतो याविषयी कायदा भोळा नाही. तरीही संशयिताने गुन्हा कबूल केला हे वाक्य पडद्यावर मोठ्या अक्षरांत झळकते आणि न्यायालयात जे उभे राहू शकत नाही ते घराघरांत कायमचे वस्तीला येते. ओळख परेडचेही तसेच आहे: साक्षीदाराने अनेकांतून आरोपी निवडावा म्हणून घेतली जाणारी ही कसोटी, त्या आरोपीचा चेहरा आधीच शंभर वेळा दाखवला गेला असेल तर निरर्थक ठरते, आणि मग ज्या वाहिनीने शिक्षेची मागणी केली तिनेच शिक्षेचा पुरावा दुबळा केलेला असतो. पुण्यातील एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्याची, म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसताना घटनांच्या साखळीवरून काढलेल्या अनुमानाची, पाच तत्त्वे सांगितली; साखळी अशी पूर्ण हवी की आरोपीच्या निर्दोषपणाला वाजवी जागा उरू नये, हे त्यांचे सार होय. त्या खटल्यात न्यायालयाने आरोपीला सोडून दिले, आणि ती तत्त्वे आज देशभरच्या न्यायालयांत दररोज उद्धृत होतात. संशय कितीही दाट असला तरी तो पुरावा होत नाही, ही शिकवण पुण्याच्याच एका दुःखातून देशाला मिळाली, याची जाण पुणे जिल्ह्यातील प्रेक्षकाने तरी ठेवायला हवी.

न्यायालयाच्या बाहेर, निकालाच्या आधी, प्रसारमाध्यमांनी चालवलेल्या अशा समांतर खटल्याला माध्यमखटला म्हणतात. त्याची चर्चा भारतात नवी नाही. 1959 च्या नानावटी खटल्यात ब्लिट्झ या मुंबईच्या साप्ताहिकाने आरोपीच्या बाजूने उभारलेल्या लोकमताची आठवण त्या संदर्भात नेहमी काढली जाते. दूरचित्रवाणीच्या बाबतीत सर्वांत विस्तृत निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2021 रोजी दिला. एका हिंदी चित्रपट-अभिनेत्याच्या मृत्यूच्या वार्तांकनाविरुद्ध मराठी चित्रपटांचे निर्माते निलेश नवलाखा, काही निवृत्त वरिष्ठ पोलीस अधिकारी आणि इतरांनी याचिका केल्या होत्या. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने त्यावर निर्णय देताना, मृताच्या चारित्र्याविषयी सूचक बोलणे, साक्षीदारांच्या मुलाखती घेणे, पोलिसांना दिलेली कथित कबुली प्रसिद्ध करणे, घटनेचे नाट्यरूपांतर दाखवणे आणि तपासातील गोपनीय माहिती फोडणे या गोष्टी टाळाव्यात असे स्पष्ट केले. तपास चालू असताना असे वार्तांकन करणे हे न्यायदानात हस्तक्षेप करणारे आणि म्हणून न्यायालयाचा अवमान ठरू शकते, असेही त्या निर्णयात म्हटले आहे. निर्णयाच्या बाजूने आणि विरुद्ध जे लिहिले गेले त्यात एक शंका रास्त होती: मर्यादा घालण्याचा अधिकार सत्तेच्या हाती गेला तर उद्या गुन्हेगाराऐवजी सत्तेलाच संरक्षण मिळेल. ही शंका मावळाने तर अनुभवाने समजून घ्यावी अशी आहे.

कारण याच मावळात कॅमेऱ्याची आणि लेखणीची गरज किती खरी असते हे दोनदा सिद्ध झाले आहे. 13 जानेवारी 2010 रोजी तळेगाव दाभाडे येथे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा सकाळच्या वेळी खून झाला. जमिनीच्या गैरव्यवहारांविरुद्ध ते सातत्याने लढत होते. वृत्तपत्रांनी ही बातमी लावून धरली, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून तिची दखल घेतली आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. त्या विभागाने 2014 मध्ये पुराव्याअभावी तपास बंद करण्याचा अहवाल दिला, पुढे तपास पुन्हा उघडला आणि 2018 मध्ये पुन्हा बंद करण्याचा अहवाल दिला. दुसरी घटना 9 ऑगस्ट 2011 ची: पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्यास विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या दिवशी कॅमेऱ्यांनी टिपलेली दृश्ये नसती तर सरकारी निवेदनापलीकडे महाराष्ट्राला फारसे काही कळले नसते. म्हणून वाहिन्यांनी गप्प बसावे असा निष्कर्ष या विवेचनातून काढणे चुकीचे होईल. कॅमेरा सत्तेवर रोखलेला असतो तेव्हा तो दुर्बळाचा साक्षीदार असतो. तोच कॅमेरा कोठडीतल्या संशयितावर, मृताच्या आईवर किंवा भेदरलेल्या शेजाऱ्यावर रोखला जातो तेव्हा तो बलवानाचे हत्यार होतो. यंत्र तेच असते. ते कोणाकडे तोंड करून उभे आहे, यावर त्याचे पुण्य किंवा पाप ठरते.

नावाचा प्रश्न याच तत्त्वाने सोडवता येतो. बलात्काराच्या गुन्ह्यातील पीडितेची ओळख प्रकट करण्यास कायद्याने 1983 पासून मनाई केली आहे, आणि 11 डिसेंबर 2018 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई मृत पीडितेलाही लागू असल्याचे ठाम शब्दांत सांगितले. गहुंजे खटल्यातील तरुणीचे नाव मात्र 2007 पासून सर्रास छापले आणि उच्चारले गेले. बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या बाबतीत 2012 चा कायदा त्याहून कडक आहे. तो बालकाचे कुटुंब, शाळा आणि राहण्याचा परिसर यांचाही उल्लेख करू देत नाही. पवन मावळातीलच एका गावात अलीकडच्या वर्षांत एका लहान मुलीचा असाच बळी गेला तेव्हा त्या गावाचे नाव दिवसभर पडद्यावर राहिले. लहान गावात गावाचे नाव सांगणे म्हणजे घराचे दार दाखवणेच असते, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही. श्रद्धांजली म्हणून घेतलेले नावही त्या घरातील धाकट्या बहिणीच्या लग्नात, भावाच्या शाळेत, आईच्या बाजारहाटात आडवे येते. मृताचा मान राखण्याचा पहिला मार्ग त्याच्या घरच्यांना उरलेले आयुष्य जगू देणे हा आहे.

तथापि गहुंजे खटल्याचा सर्वांत मोठा धडा पहिल्या दिवसांच्या वार्तांकनात नसून नंतरच्या वर्षांच्या शांततेत आहे. पुण्याच्या सत्र न्यायालयाने दोघा आरोपींना मार्च 2012 मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. पुढच्याच महिन्यात गहुंज्यात महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे भव्य मैदान खुले झाले आणि त्या गावाचे नाव पडद्यावर नव्या अर्थाने उमटू लागले. उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2012 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने मे 2015 मध्ये शिक्षा कायम केली. त्यानंतर दयेचे अर्ज झाले. दयेचा अर्ज म्हणजे सर्व न्यायालये संपल्यावर राज्यपाल आणि राष्ट्रपती यांच्याकडे करायची विनंती. राज्यपालांनी मार्च 2016 मध्ये आणि राष्ट्रपतींनी मे 2017 मध्ये ते फेटाळले. येथून पुढे करायचे उरले होते ते एवढेच की सत्र न्यायालयाने फाशीचे वॉरंट, म्हणजे शिक्षेची तारीख ठरवणारा आदेश, काढावा; त्याला 10 एप्रिल 2019 उजाडला, म्हणजे जवळपास दोन वर्षे गेली. येरवडा कारागृहात 24 जून 2019 ही तारीख ठरली असताना कैद्यांनी विलंबाच्या कारणावरून उच्च न्यायालयात दाद मागितली आणि 29 जुलै 2019 रोजी न्यायालयाने फाशी रद्द करून 35 वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. मृत्यूच्या टांगत्या तलवारीखाली माणसाला अकारण वर्षानुवर्षे ठेवणे हे संविधानाच्या 21 व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचे उल्लंघन आहे, हे त्यामागचे तत्त्व होते. न्यायमूर्ती अभय ओक यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने 9 डिसेंबर 2024 रोजी तो निर्णय उचलून धरला आणि दयेच्या अर्जांचा व वॉरंटांचा पाठपुरावा वेळेत व्हावा यासाठी राज्यांना आणि सत्र न्यायालयांना निर्देश दिले.

फाशीची शिक्षा असावी की नसावी, हा स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे, आणि उच्च न्यायालयाने जे तत्त्व लावले ते माणुसकीचेच आहे. येथे लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. या खटल्याचा शेवट ज्या विलंबाने ठरवला, तो विलंब न्यायालयातील युक्तिवादांत झालेला नव्हता. कारागृह, मंत्रालय आणि सत्र न्यायालय यांच्यामधल्या टपालात, टेबलांवरच्या फायलींत तो झाला होता. गुन्हा घडला त्या आठवड्यात फाशीची मागणी करणारे आवाज किती होते आणि 2017 ते 2019 या काळात ही फाइल कोठे अडली आहे असे विचारणारे किती होते, याची तुलना केली तर वृत्तवाहिन्यांच्या गुन्हेवार्तांकनाचे खरे अपयश हाती येते. बोलू नये तिथे अतोनात बोलणे हा त्याचा अर्धा भाग झाला. बोलायला हवे तिथे अनुपस्थित असणे हा दुसरा आणि अधिक मोठा भाग. जो प्रश्न पोलिसांना, गृहखात्याला, न्यायालयाच्या कार्यालयाला विचारायचा तो विचारायला त्या दोन वर्षांत कोणतीही छत्रीची गाडी येरवड्याच्या दारात उभी राहिली नाही, कारण अडलेल्या फायलीचे चित्र काढता येत नाही आणि न घडलेल्या गोष्टीची ब्रेकिंग न्यूज होत नाही. सतीश शेट्टी यांच्या खुनाचा तपास दोनदा बंद होतो, तेव्हाही तेच घडते. आरंभाला गर्दी, शेवटाला थोडी वर्दळ आणि मधली सर्व वर्षे ओसाड, असे आपल्या गुन्हेवृत्ताचे रूप झाले आहे. न्याय मात्र नेमका त्या मधल्या वर्षांत घडतो किंवा बिघडतो.

यावर उपाय वाहिन्यांच्या हाती आहेत आणि ते खर्चाचेही नाहीत. खटल्याची पुढची तारीख लिहून ठेवणे आणि त्या दिवशी न्यायालयात हजर राहणे, आरोपी सुटला तर अटकेइतक्याच मोठ्या अक्षरांत ते सांगणे, सूत्राच्या जागी नोंदीचा क्रमांक आणि अधिकाऱ्याचे पद देणे, तालुक्याच्या प्रतिनिधीला चित्रफितीच्या संख्येऐवजी त्याच्या कामाच्या खरेपणासाठी पगार देणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल. वृत्तवाहिन्यांच्या संघटनेने 2008 पासून स्वनियमनाची व्यवस्था केलेली आहे, परंतु 2021 च्या निर्णयात न्यायालयाने तिला कायद्याचे बळ नसल्याची नोंद केली. बळ नसलेल्या नियमाला प्रेक्षकाच्या पसंती-नापसंतीखेरीज दुसरा आधार उरत नाही.

म्हणून शेवटची जबाबदारी पाहणाऱ्याकडे येते. परंदवडीच्या किंवा तिच्यासारख्या कोणत्याही गावाच्या घरात संध्याकाळी संच लागतो तेव्हा तिथे बसलेला माणूस केवळ प्रेक्षक नसतो. उद्या तोच पंच म्हणून पंचनाम्यावर सही करणार असतो, तोच साक्षीदार म्हणून वडगावच्या किंवा पुण्याच्या न्यायालयात उभा राहणार असतो, आणि शिक्षा भोगून किंवा निर्दोष सुटून परतलेल्या माणसाला गावात घ्यायचे की नाही हेही तोच ठरवणार असतो. त्याने बातमी जरूर पाहावी, परंतु मत बनवण्याआधी दुसरी बाजू ऐकली का, सांगणाऱ्याने आपली निशाणी केली आहे का, आणि हा खटला आज कोणत्या पायरीवर आहे, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. गहुंज्याच्या माळावर जे घडले त्याला एक रात्र लागली. त्याचा शेवटचा निकाल लागायला 17 वर्षे, 1 महिना आणि 8 दिवस लागले. त्या सर्व दिवसांत जो समाज जागा राहील, त्यालाच न्याय मागण्याचा अधिकार आहे.